वहीची मागची बाजू

वही आईची. पुढून तिची उधारी:
मांदेली दीड किलो, टपाल हापिसातले गुंजाळ, बाकी नव्वद.
मागून माझं हिब्रू.
काका म्हणाले, मागून कसली, हीच पुढची बाजू.
आईला सांग, उलटं तूच लिहितेस.

काका म्हणजे बिन्यामिन वाकरूळकर,
रेवदंड्यात बर्फाच्या कारखान्यात अडतीस वर्षं.
उजवा कान बंद.
देवाशी बोलायचं सगळं हिब्रू त्यांना तोंडपाठ,
पण चहात साखर कमी टाका, हे कसं म्हणतात
ते ठाऊक नाही.
देवाला कधी चहा विचारावा लागला नाही, म्हणाले.

मला नेमकं तेच हवंय.
अश्दोदला एका म्हातारीला
उठवायचं, बसवायचं, न्हाऊ घालायचं.
एजन्सीने चार पानं दिलीत:
गोळी, उशी, कमोड, सावकाश.
त्यावर आम्ही दोघं बसतो,
मध्ये मलिद्याचे उरलेले पोहे.

सावकाश म्हणजे लेआत लेआत.
आपल्या हळूहळूसारखं, दोनदा.
एकदाच सांगून कोण हळू होतं, कुठल्या मुलखात?

साखर, सुकार. मिरी, पिलपेल.
पिलपेल काकांनी जिभेवर घोळवलं,
उठून आत गेले, खोकल्याच्या औषधाचा डबा घेऊन आले.
ही बघ पिंपळी. ही इथून गलबतात चढली असणार,
पोचेपोचेतो मिरी झाली.
माकडाला कोफ. आपला कपीच तो, म्हणतात.
माझ्या आधी इतकं सामान गेलंय तिकडे,
आणि मी व्हिसासाठी तीनदा मुंबईला.

शब्बातचा अर्थ शनिवार नाही. थांबणं.
काकांच्या आजोबांचा घाणा त्या दिवशी थांबायचा,
गाव म्हणायचं, शनिवार तेली.
त्याच धातूपासून आजचा शब्द आहे श्विता.
संप.
काका इतके हसले की डोळे पुसावे लागले.
म्हणजे कारखान्यात आम्ही जो केला,
तो शब्बातच की गं, सलग बेचाळीस दिवस.

याम म्हणजे समुद्र.
जुन्या ग्रंथात पश्चिमेलाही यामच.
आम्ही दोघांनी एकदम खिडकीबाहेर बघितलं.
सुपारीच्या पलीकडे तो होताच, पश्चिमेला.
अश्दोदलाही तिकडेच आहे.
इथे बुडालेला दिवस
तीनेक तासांनी तिथे बुडेल,
तेव्हा मी कुणाचे तरी पाय चेपत असेन.

माईम, पाणी. याला एकवचन नाही.
आभाळालाही नाही. चेहऱ्यालाही.
आणि हाईम, जगणं, त्यालाही नाही.
मग एकटं असेल त्याने काय म्हणायचं, मी विचारलं.
काकांनी पेन्सिलीला टोक काढलं.
टोक होतं.

घरी येऊन मोठ्याने पाठ करत होते,
एफो कोएव लाख?
आई पाटी उतरवत होती, म्हणाली, काय गं?
विचारतेय, बाई, तुला कुठे दुखतं.
लाख जागी, म्हणाली आई. एक सांगू का दोन?

आज वही मध्यावर आली.
शिवणीच्या या बाजूला बोंबील, सुकट, गुंजाळांचे नव्वद अजून तसेच.
त्या बाजूला काकांचं नाव, त्यांच्याच हातचं,
उजवीकडून डावीकडे.
आडनाव लिहिताना ते अडले.
त्या लिपीत ळ नाही.
इतकी वर्षं मी वाकरूलकर म्हणून प्रार्थना करतोय काय, म्हणाले,
आणि ळ च्या जागी थोडी जागा मोकळी सोडली.

रात्री मी चार पानं पुन्हा चाळली.
कोएव, दुखतं. तेवढा शब्द आहे.
पण कमरेतून पोटरीपर्यंत जाते ती कळ
कशी लिहू तिथे?
आणि मला कळलं, हे?